चवथीच्या आरतीत लॅपटॉप: आजचं संगीत खरंच घसरलंय का?

माटोळी
नमस्कार मंडळी. चवथ दहा दिवसांवर आलीय आणि आमच्या घरात आतापासूनच धुसफूस सुरू झाली आहे.

फोंडा तालुक्यात आमचं घर, गणपती पाच दिवसांचा. बाबा 74 वर्षांचे. पन्नासेक वर्षं आरतीला त्यांचंच घुमट (मडक्याला चामडं लावलेलं वाद्य) वाजतंय. मुलगा अठराचा. परवा त्याने सांगितलं की यंदाच्या आरतीसाठी त्याने लॅपटॉपवर एक ट्रॅक केलाय: खाली बास, मागे सिंथ, वर आरतीचे शब्द. बाबांनी अर्धा मिनिट ऐकला आणि म्हणाले, "देवाक घेरी येतली." सगळे हसले. मुलगा हसला नाही. त्या रात्री तो जेवायलाही आला नाही.

मी दोघांच्या मधली. माझं कॉलेज कॅसेटच्या जमान्यात गेलं. मी ऐकायचे त्याला बाबा तेव्हा "टिनाचा पत्रा" म्हणायचे, आणि मुलाच्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज ऐकून परवा माझ्याही तोंडून "पत्रा" हाच शब्द निघाला. तेव्हापासून मनात घोळतंय. आजचं संगीत खरंच खालावलंय, की प्रत्येक पिढीचे कान एका वयानंतर बंद होतात? गोव्यातल्या आणि गोव्याबाहेरच्या सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा. मला हे खरंच समजून घ्यायचंय.

खांडेपार
खालावलंय. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, त्यामुळे माझे कान बंद झालेत असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

लहानपणी जत्रेला नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं. चटई घेऊन जायचं, पुढची जागा धरायची. नाटक करणारे गावचेच. कोणी दुकानदार, कोणी मास्तर, कोणी बागायतीत राबणारा. एकेका पदाला दोन-दोन वन्समोअर. उजाडताना आम्ही शेताच्या बांधावरून घरी यायचो तेव्हा पुढे चालणारा पाडेली रात्रीचंच पद गुणगुणत असायचा, आणि गायकाची सम (तालाची पहिली मात्रा) कुठे चुकली तेही सांगायचा. नारळ पाडून पोट भरणाऱ्या माणसाचा कान एवढा तयार होता. आज माझ्या नातवाच्या वर्गात सम म्हणजे काय हे किती मुलांना सांगता येईल?

शून्य_डेसिबल
खांडेपारकाका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध करतो. मी बावीसचा आहे, साखळीला राहतो आणि स्वतः ट्रॅक बनवतो.

तुमच्या काळातलं जे टिकलं तेवढंच आज तुमच्या आठवणीत आहे. त्या जत्रांमध्ये किती नाटकं पडली, किती गायक बेसूर गायले, हे कोणी जपून ठेवलं नाही. आजचं मात्र चांगलं-वाईट सगळं एकाच वेळी कानावर आदळतं. पन्नास वर्षांनी आजच्यातलंही थोडंच उरेल, आणि तेव्हाचे आजोबा म्हणतील, "2020 च्या दशकात काय गाणी होती!"

आणि समेचं म्हणाल तर माझ्या मित्रांना सात मात्रांचा ठेका ऐकून लगेच ओळखता येतो. त्याला ते रूपक ताल म्हणत नाहीत एवढंच.

पाटो
ताई, आधी मुलाचा ट्रॅक ऐकवा. पुरावा न बघता निकाल कसा द्यायचा?

काळी_पाच
मी हार्मोनियमवाला. तीस वर्षं उत्सवातल्या नाटकांना आणि भजनांना साथ करतोय. या वादात पेटीची गोष्ट सांगायलाच हवी.

आज आपल्याला पेटी म्हणजे परंपरा वाटते. भजन पेटीशिवाय उभं राहत नाही. पण ही फ्रान्समधून आलेली वस्तू. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती 1971 मध्ये कुठे अंशतः उठली. आक्षेप काय होते? सूर ठरीव बारा, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, गाणाऱ्याचे कान बिघडतात. आता गळ्याचा सूर यंत्राने दुरुस्त करणाऱ्या ऑटोट्यूनबद्दल लोक काय म्हणतात ते आठवा. जवळजवळ तेच शब्द आहेत.

आणि त्याच पेटीतून आमच्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी काय काढलं? मींड निघत नाही म्हणतात त्या वाद्यावर मींडेचा भास उभा करायचे. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेटीतले दोष खरे होतेच. बोरकरांचा हात त्या दोषांना वळसा घालून जायचा.

दुसरी गोष्ट 1952 ची. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं. रेडिओवरून ते जवळजवळ हद्दपार झालं, लोकांनी रेडिओ सिलोन लावला, आणि त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. म्हणजे आज ज्याला आपण एकमताने सुवर्णयुग म्हणतो, तीच गाणी त्या वेळच्या जाणत्यांना घसरण वाटत होती.

खांडेपार
काळी_पाच, पेटीचा मुद्दा मान्य. पण बोरकर रोज किती तास बसले असतील पेटीवर? लॅपटॉपवर बटण दाबणाऱ्याला तेवढं बसावं लागतं का, हा माझा प्रश्न आहे.

शून्य_डेसिबल
बसावं लागतं काका. एका ढोलाचा आवाज मनासारखा व्हायला मला चार रात्री लागल्या. बाहेरून ते बटण दाबल्यासारखं दिसतं.

खांडेपार
चार रात्री एका ढोलाला? मग तुझ्याबद्दलचं मत मी बदलतो. बाकीच्यांबद्दलचं अजून नाही.

फेडर
मी साउंडवाला. डिचोली ते काणकोण, जत्रा, नाटकं, लग्नं, सगळीकडे स्पीकर लावलेत. संगीत खालावलं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण आवाजाचं काय झालं ते नक्की सांगू शकतो. माटोळीताईंच्या "पत्रा" शब्दामागे मला एक तांत्रिक कारण दिसतं.

प्रत्यक्ष गाण्यात हळू आणि मोठ्या आवाजात खूप अंतर असतं. तंबोरा कुजबुजतो, तान गर्जते. सीडी आली 1982 मध्ये. पुढच्या वीसेक वर्षांत कंपन्यांची चढाओढ लागली की आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. त्यासाठी शिखरं दाबायची आणि हळू भाग वर उचलायचे. मग पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सगळं एकाच उंचीवर. तीन गाणी ऐकली की कान थकतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं चाल वाईट आहे. चालीचा दोष नसतो, तिला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नसते. आता स्ट्रीमिंगवाले सगळ्यांची पातळी सारखी करतात, त्यामुळे दाबून फायदा राहिलेला नाही, पण सवय गेलेली नाही.

ऑटोट्यूनबद्दल. 1997 मध्ये ते आलं. बनवणारा अँडी हिल्डब्रँड आधी जमिनीखाली तेल कुठे आहे ते ध्वनिलहरींवरून शोधण्याचं गणित करायचा. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. बेताने वापरलं तर कळतही नाही. पण बारा सुरांवर घट्ट बसवलं तर आपल्या गाण्याची वाट लागते. दरबारी रागातला झुलता, आंदोलित गंधार त्यात टाकून बघा. सुरांमधली जी हालचाल म्हणजे गाणं, तीच चूक समजून ते यंत्र पुसून टाकतं.

आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार फोनचा स्पीकर. त्यातून बास येतच नाही. ज्या पोराने चार रात्री जागून ढोल केला, त्याचा ढोल आजोबांनी ऐकलेलाच नसतो. ताई, बाबांनी तो ट्रॅक कशावर ऐकला?

माटोळी
फोनवर. तोही मी हातात धरलेल्या.

फेडर
बघा!

मडगांवकर
आपण फक्त नाट्यपद आणि आरतीवर का अडकलोय? गोव्याची अर्धी गोष्ट सासष्टीत आहे.

आमच्या शेजारच्या घरात मांडो (जुनी संथ कोकणी गाणी) म्हणायचे. त्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना आवडत नव्हते. कोकणीत जॅझ म्हणजे त्यांना अब्रह्मण्यम वाटायचं. आज त्याच घरात लॉर्नाची गाणी लागली की नातवंडं कंटाळतात आणि त्यांच्या आईचे डोळे भरतात. एका घरात तीन पिढ्यांत "हे काय संगीत आहे?" हा प्रश्न तीनदा विचारून झालाय.

आणखी एक. ज्या जुन्या हिंदी गाण्यांना आपण अस्सल भारतीय म्हणून कवटाळतो, त्यांतले व्हायोलिनचे थवे, ट्रम्पेट, सॅक्सोफोन कोणी लिहिले? चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ (पाश्चात्त्य स्वर वाचून गाणं) शिकून मुंबईला गेलेल्या आमच्या गोंयकारांनी. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' सिनेमातल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याने गुरूला दिलेला मान म्हणून. गाणं देशभर वाजलं, पण नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना माहीत होतं? सांगायचं एवढंच की तुमच्या "जुन्या अस्सल" मध्ये सुद्धा बाहेरून आलेलं भरपूर होतं. फक्त मिसळणाऱ्याला दोन्हीकडचं पक्कं येत होतं. आज मिसळतात, पण अनेकदा दोन्हीकडचं कच्चं असतं. माझी तक्रार तेवढीच.

दूधसागर
"दोन्हीकडचं कच्चं" ला जोरदार अनुमोदन.

आकडेमोड
थोडी मोजणी. 2012 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये एक अभ्यास छापला होता. 1955 ते 2010 मधली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी संगणकाने तपासली. तीन गोष्टी दिसल्या: स्वरांच्या जुळण्या हळूहळू साच्यातल्या झाल्या, नादाच्या छटांमधली विविधता साठच्या दशकानंतर घटली, आणि आवाजाची पातळी वाढत गेली. तिसरा मुद्दा फेडर म्हणतात तोच.

म्हणजे खांडेपारकाकांचं म्हणणं फक्त म्हातारपणाचं नाही. पण हा अभ्यास पाश्चात्त्य पॉपचा आहे, आपल्याकडच्या गाण्यांना तो जसाच्या तसा लावू नये. आणि विविधता कमी म्हणजे दर्जा कमी असंही नाही. ओवीची चाल किती सुरांची असते?

शून्य_डेसिबलचंही एक म्हणणं मानसशास्त्र उचलून धरतं. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सगळ्यात दाट असतात, आणि त्या वयातली गाणीही त्यांच्यासोबत चिकटून राहतात. तेव्हा प्रत्येकाचं सुवर्णयुग त्याच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास निघतं हा योगायोग नव्हे.

केरी_ते_आकाश
गाणी छोटी झाली, तीन मिनिटांत आटोपतात, अशी तक्रार हल्ली फार ऐकतो. हल्ली 30 सेकंद वाजलं की स्ट्रीमिंगवर ते ऐकलं म्हणून मोजतात, त्यामुळे सुरुवातीची धून कापून थेट मुखडा गळ्यात मारतात हे खरंच आहे. पण छोटेपणाचं म्हणाल तर आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवा.

1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यांत जगभरच्या संगीतात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. ज्या बाई मैफलीत एक राग तासभर मांडायच्या, त्यांनी तबकडीच्या मर्यादेत तो राग मावेल तेवढाच, पण पूर्ण मावेल असा गायला. दुसरं व्हॉयेजर 20 ऑगस्टला सुटलं, पहिलं 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे तीन दिवस एका ओळीत लिहिताना दर वेळी अंगावर काटा येतो.

म्हणून मी लांबीवरून दर्जा ठरवत नाही. यंत्राने घातलेल्या मर्यादेत त्या माणसाने काय भरलं ते बघतो.

साळावली
केसरबाई निघाल्याच आहेत तर गायिका मोगूबाईही येऊ देत. कुर्डी आमचं मूळ गाव. धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, देऊळ दिसतं, घरांचे चौथरे दिसतात. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते हेच. मे महिन्यात आम्ही तिथे जातो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने त्या कोरड्या चिखलात उभं राहून फोनवर मोगूबाईंच्या लेक किशोरीताई लावल्या. ती एरवी कोरियन गाणी ऐकते. फोन तोच, कान तेच. त्या दिवशी वीस मिनिटं ती हलली नाही.

मला वाटतं ऐकण्याला जागा लागते. ती आपण मुलांना देत नाही आणि मग म्हणतो, यांना आवडत नाही.

गायनवर्ग
मी संगीत शिकवते. साळावली म्हणतात ते रोज बघते.

मुलांना विलंबित ख्याल सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, अगदी खरं. पण माझ्या लहानपणी मलाही वाटायचा. बाबा बाजूला बसवायचे म्हणून बसायचे. आताची मुलं ताल फार पटकन पकडतात. आडी-कुआडीसारख्या तिरक्या लयी सांगायच्या आधीच हाताने वाजवून दाखवतात. कमी पडतो तो सूर धरून ठेवणं. एक षड्ज दहा सेकंद स्थिर लावायला सांगितला की चुळबुळ सुरू होते.

2015 मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकावर सिनेमा आला तेव्हा माझ्या वर्गात एकदम अकरा नवी मुलं आली. सगळ्यांना नाट्यपदं शिकायची होती. मूळ नाटक 1967 चं, संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांचं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी मूळ ध्वनिमुद्रण ऐकवलं. दोघांनी विचारलं, "टीचर, हे पुन्हा केव्हा ऐकवणार?" आणि लक्षात घ्या, अभिषेकीबुवा स्वतः त्यांच्या काळात नवेच होते. त्यांच्या आधीची पदं लांबत जायची, त्यांनी ती आटोपशीर केली, नाटकाच्या प्रसंगाला बांधली. तेव्हाही "ही काय नाट्यपदं झाली?" म्हणणारे माझ्या आजोबांसारखे रसिक होते. आजोबा पुढे तीच पदं आंघोळ करताना म्हणायचे.

त्या अकरांपैकी तीन टिकली. माझ्या मते हा आकडा वाईट नाही.

शामेळ
विषयांतर करतोय, पण माटोळीताई, बाबांच्या घुमटाला चामडं कुठलं?

माटोळी
आता बकऱ्याचं. जुनं एक घोरपडीचं आहे, आजोबांच्या वेळचं. ते वाजवत नाहीत, वर ठेवलंय.

शामेळ
बरोबर. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे आणि ते योग्यच आहे. पण आमच्या वाड्यावर हा वाद वीस वर्षं चालला. म्हातारे म्हणायचे, बकऱ्याच्या चामड्याला तो नाद नाही, घुमट मेलं. मग आमच्यातल्या एका कुंभाराने मडक्याची जाडी आणि तोंडाचा व्यास बदलून बघायला सुरुवात केली. आठ-दहा मडकी फुटली. आता जो आवाज येतो तो वेगळा आहे, पण गुंजतो. घुमट मेलं म्हणणाऱ्यांनी 2019 मध्ये ते राज्याचं वारसा वाद्य झाल्याचंही पाहिलं.

खालावलं म्हणून ओरडणं सोपं. मडकी फोडायला कोणीतरी बसावं लागतं.

खांडेपार
शामेळ, तुमचं लिहिणं मनाला लागलं. मीही त्या ओरडणाऱ्यांत होतो.

पण माझी खरी खंत काय आहे ते आज नीट सांगतो. मला नवं गाणं आवडत नाही ही खंत नाही. पूर्वी आरतीच्या वेळी खोलीत वीस माणसं असायची आणि वीसच्या वीस काहीतरी वाजवायची, म्हणायची, निदान टाळ्यांनी ठेका धरायची. वाड्यावरच्या एका घरची आरती संपली की सगळे पुढच्या घरी. रात्री दोनला घरी यायचं, तळवे लाल. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, ते गायकांच्या जोरावर चालत नाही, पाळीपाळीने येऊन बसणाऱ्या साध्या माणसांच्या जोरावर चालतं. आज स्पीकर लागला की वीस माणसं हात बांधून उभी राहतात. ट्रॅक कितीही चांगला असो. तुमच्या मुलाने केलेला ट्रॅक सुंदर असेल, पण तो वाजताना तुमच्या बाबांच्या हातांनी काय करायचं?

शून्य_डेसिबल
काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एकटा खोलीत बनवतो आणि लोक एकेकटे कानात घालून ऐकतात. शिगम्याला रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवतो तेवढेच काय ते दिवस सगळ्यांबरोबरचे. आणि वर्षातले सगळ्यात आवडते दिवसही तेच, हे आत्ता लिहिताना कळलं.

माटोळी
मंडळी, एक घडामोड. खांडेपारकाकांचा शेवटचा प्रश्न मी मुलाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोफोन घेऊन बाबांकडे गेला. "आजोबा, तुमचं घुमट रेकॉर्ड करू?" बाबा आधी नाही म्हणाले, मग शर्ट बदलून आले.

आता अडचण अशी की त्याने क्लिक (लय धरायला वाजणारी ठरीव टकटक) लावून घेतली. मिनिटाला 90 ठोके. बाबा पहिल्या कडव्यातच क्लिकच्या मागे, तिसऱ्यात पुढे. मुलगा म्हणाला, आजोबांची लय चुकते. बाबा म्हणाले, तुझं घड्याळ चुकतं. पुन्हा दोघे गप्प. फेडर, काही सुचवा.

फेडर
क्लिक बंद करायला सांगा. आधी आजोबा एकटे वाजवू देत, त्यांच्या मनासारखं. मग त्यांच्या ठोक्यांवरून टेंपो मॅप बनवायचा, म्हणजे सॉफ्टवेअरची लय त्यांच्यामागून चालेल. सिंथ, बास सगळं त्यावर बसवायचं. वेळखाऊ काम आहे, पण होतं. माझा सल्ला, निदान तीन-चार वेळा वाजवून घ्या.

काळी_पाच
लय चुकत नसणार. आरती चढते. ती तशीच असते, शेवटच्या कडव्यापर्यंत माणसं तापत जातात.

माटोळी
चवथ झाली, विसर्जन काल झालं. घर रिकामं वाटतंय. पण लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय.

मुलाने बाबांकडून पाच वेळा वाजवून घेतलं. वेगवेगळ्या दिवशी, क्लिक न लावता. मग ते पाचही एकाखाली एक लावून मोजले. प्रत्येक वेळी सुरुवात 72 च्या आसपास, शेवट 118 च्या आसपास. आणि वाढ कुठेही होत नाही, नेमक्या त्याच चार जागी होते. पाचही दिवस तिथेच. रात्री साडेअकराला त्याने मला उठवून पडद्यावर दाखवलं. पाच रेघा होत्या, जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. म्हणाला, "आई, आजोबांच्या हातात हे सगळं लिहिलेलं आहे." पुढे म्हणाला, "आणि मी त्यांना चुकतात म्हणालो."

त्याने बाबांना ते दाखवलं. बाबांना आलेख कळला नाही, पण चार जागा ऐकल्यावर म्हणाले, "थंय माजो बापूय मान हालयतालो." त्या जागी त्यांचे वडील मान हलवायचे, म्हणजे आता चढव. त्यांनीही ते कधी मोजलं नव्हतं.

मग ट्रॅकचं काय झालं? पहिल्या दिवशी वाजला नाही. घुमट, शामेळ (काठीने वाजवायचं तालवाद्य), कांसाळी (मोठ्या झांजा), नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी बाबांचा आवाज बसला. एरवी आरती त्यांनीच उचलायची, पण पट्टी झेपेना. गेली दोन-तीन वर्षं ते वरच्या ओळी सोडून देतात आणि आम्ही कोणी त्यावर बोलत नाही. मुलाने लॅपटॉप माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) आणून ठेवला, म्हणाला, "आजोबा, मी सूर दोन पट्ट्या खाली घेतलाय. फक्त तंबोऱ्यासारखा सूर आहे आणि बास. घुमट त्यात नाही, ते तुम्ही वाजवा." बास घुमटामागून चालत होता, 72 पासून, त्या चार जागी चढत. बाबांनी सगळ्या ओळी म्हटल्या. वरच्या सुद्धा.

खोलीत कोणी हात बांधून उभं नव्हतं, काका. मी मुद्दाम बघितलं.

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय का? मुलगा हेडफोनवर जे ऐकतो त्यातलं बरंचसं मला अजून पत्र्यासारखंच वाटतं. फेडरनी सांगितलं म्हणून चांगल्या स्पीकरवर त्यातली चार गाणी ऐकली. दोन खरंच आवडली, दोन नाही. बाबांनी एक ऐकलं आणि विचारलं, "हें तुवें केलां?" तो म्हणाला नाही. बाबा म्हणाले, "मगीर तुजें चड बरें." म्हणजे, मग तुझंच जास्त चांगलं.

पाटो
ताई, आता तरी ट्रॅक ऐकवा.

केरी_ते_आकाश
पाच रेघा एकमेकींवर! हे वाचून मी आमच्या काकांचं घुमट रेकॉर्ड करायला घेतलंय. ते 81 चे आहेत.

शून्य_डेसिबल
केरी, कुठे राहता? माझ्याकडे दोन चांगले माइक आहेत. येत्या रविवारी येऊ शकतो.

खांडेपार
माटोळीबाय, मुलाला माझा आशीर्वाद सांग. आमच्या वाड्यावरच्या भजनात शामेळ वाजवणारा हात कमी पडतोय. दर सोमवारी संध्याकाळी सातला बसतो. लॅपटॉप आणला तरी चालेल, पण आधी तासभर शामेळ.